माझूचं धुपाटणं

देवी सकाळपासून नुसती हसत होती.

मूर्ती नव्हे. मूर्ती आपल्या जागी बसलेली. काळं तोंड, मुंडावळ्यांसारख्या मोत्यांच्या माळांआडून खाली रोखलेले डोळे. हसत होते ते कौलाचे ठोकळे. आमच्या मालवणात देवाच्या अंगाला पाकळ्या लावून कौल घेतात, तैवानच्या च्योसू बेटावर तो लाकडाच्या दोन चंद्रकोरी ठोकळ्यांनी घेतात. ठोकळ्याची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. देवीपुढे गुडघे टेकायचे, प्रश्न विचारायचा आणि दोन्ही ठोकळे फरशीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आला तर होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. दोन्ही सपाट वर आले की ठोकळे फुगीर पाठीवर बराच वेळ डुलत राहतात, आणि लोक म्हणतात, देवी हसते आहे. नकार एक वेळ परवडला. हसणाऱ्या देवीपुढे माणसाने करायचं काय?

प्रश्न दरवर्षीचाच होता. यंदा धुपाटणं कुणाच्या घरी?

मराठीत ज्याच्या हाती धुपाटणं राहिलं त्याचं तेलही गेलेलं असतं आणि तूपही. च्योसूवर मात्र याहून मोठा मान नाही. माझू ही दर्यावर्द्यांची देवी. तिच्या वाढदिवशी बेटावरच्या प्रत्येक घराच्या नावाने कौल लावायचा, आणि ज्या घराला लागोपाठ तीन होकार मिळतील त्या घरी तिचं पितळी धुपाटणं वर्षभर राहायला न्यायचं. त्या घराने सकाळ-संध्याकाळ धूप दाखवायचा आणि वर्षभर दाराला कुलूप लावायचं नाही. त्याच दुपारी, भरती चढली की, त्या घराच्या होडीत बसून देवी बेटाला प्रदक्षिणा घालणार आणि बाकीच्या होड्या मागून जाणार. धुपाटण्याचं ठरलं नाही तर देवी बसणार कुठे?

बंदरात होड्या झेंडे लावून तयार होत्या. मोठ्या बेटावरून बोलावलेले ताओ पंथाचे एक पुजारी जरीचा झगा घालून घामाघूम झाले होते आणि नैवेद्याच्या भाजलेल्या डुकराकडे वरचेवर बघत होते. बेटावरच्या सगळ्या घरांची नावं पुकारून झाली होती. एकालाही धड दोन होकार मिळाले नव्हते.

मी वैजयंती, माहेरची तांडेल, मालवणची गाबतीण, म्हणजे मासेमारांच्या घरातली. आमच्याकडे कोळंबीचं बीजकेंद्र निघालं तेव्हा तैवानहून एक तंत्रज्ञ आला, लिन आ-हाय. कोळंबी वाढवायला आला आणि आमची मुलगी घेऊन गेला, असं माझी आई येईल-जाईल त्याला सांगायची. लग्नानंतर त्याने ते काम सोडलं आणि तो दूरच्या समुद्रावरच्या बोटीवर लागला. त्या दिवशी मी च्योसूवर येऊन तिसरं वर्ष चाललं होतं. बायकांच्या घोळक्यात, खांबाला टेकून, मी सासूच्या शेजारी उभी होते. तिला मी तिथल्या सगळ्या सुनांसारखंच आ-बू म्हणायचे, म्हणजे आई. आ-बू पहाटेपासून एक शब्द बोलली नव्हती.

कारण पुकारलेल्या नावांत आमच्या घराचं नाव नव्हतंच.

देवळाची व्यवस्था कुवान-पे बघायचे. पे म्हणजे काका. बेटावरची सगळ्यात मोठी होडी त्यांची आणि आवाजही त्यांचाच सगळ्यात मोठा. माणूस वाईट नव्हता. पण नियम म्हटला की तो त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकायचा. गिळताही येत नसे, काढताही येत नसे. आदल्या दिवशी ते घरी आले होते. ओट्यावर बसून चहा प्याले आणि मग म्हणाले होते, "वहिनी, यंदा तुमच्या घराचा कौल लावत नाही. दादा गेले. आ-हाय बोटीवर, वर्षाचे दहा महिने बाहेर. तुमची सून पुढच्या महिन्यात काओशुंगला चालली. मग घरात उरलं कोण? तुम्ही एकट्या. आजारी पडलात तर धुपाटण्यापुढे धूप कोण लावणार?"

त्यांचं खोटं काय होतं? सासरे पावसाळा संपता संपता गेले. त्यानंतर आ-हायने काओशुंग शहरात घर घेतलं, लिफ्टचं, बाजाराला लागून. मी तिथे राहायचं, म्हणजे बोट बंदराला लागली की त्याला घर असेल, असं आमचं ठरलं होतं. आ-बूने यायला साफ नकार दिला होता. माझी ट्रंक अर्धी भरून झाली होती.

आ-बूने कुवान-पेंना एवढंच विचारलं होतं, "म्हणजे हे घर नाही?"

"घर आहे, वहिनी. पण मोजण्यातलं नाही."

लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हापासून दर वर्षी ती आमच्या नावाचा कौल ऐकत आली होती. एकदाही धुपाटणं घरी आलं नाही. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. देवीला सगळीच घरं आहेत, येईल कधीतरी, असं म्हणायची. पण नावच पुकारायचं नाही, हे तिला सोसवलं नाही. कुवान-पे गेल्यावर तिने धुपाटण्यासाठी राखलेलं टेबल पुसलं, वर लाल कापड घातलं आणि ती जेवली नाही.

बाहेरच्या माणसाला हे सगळं जरा जास्तच वाटेल. पण च्योसूवर देऊळ म्हणजे नुसतं देऊळ नव्हतं. तुफान आलं की सगळं बेट त्याच्या पोवळ्याच्या दगडी भिंतींआड निजायचं. भांडण झालं की दोन्ही पक्ष माझूपुढे शपथ घ्यायचे आणि पोलिसाला बोलवावं लागत नसे. ओसरीवर न्हावी बसायचा, परीक्षेचे निकाल खांबाला लागायचे, समुद्रावर गेलेल्यांशी बोलायचा वायरलेस देवीच्या उजव्या हाताला होता. त्या देवळात ज्याचं नाव पुकारत नाहीत तो बेटावर राहत असेल, पण बेटाचा नसतो.

आता कौल अडला की च्योसूची रीत अशी की देवीचं काय बिनसलंय ते ओळखायचं. तिला फक्त हो, नाही आणि हसणं एवढंच येतं, तेव्हा अंदाज माणसांनी करायचा. कुवान-पे गुडघ्यांवर बसून विचारत होते आणि मागून जो तो सुचवत होता.

"डुक्कर लहान पडलं का, माये?" नकार. पुजाऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

"छपराची कौलं बदलली नाहीत म्हणून?" देवी हसली.

"शेंगदाण्याचे लाडू विकतचे आणले ते कळलं वाटतं," मागून एक बाई पुटपुटली. कुवान-पेंनी तेही विचारलं. देवी पुन्हा हसली आणि लाडू आणणारी सून लाल झाली.

"नव्या भोंग्याचा आवाज फार होतो?" नकार.

"कुवान-पे, तुमचाच आवाज फार होतो का ते विचारा," कुणीतरी म्हणालं आणि देवळात खसखस पिकली. पण बाहेर भरती चढत होती आणि हसण्यात हळूहळू काळजी मिसळायला लागली. देवी प्रदक्षिणेला निघाली नाही असं वर्ष कुणालाच आठवत नव्हतं. दोन म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या.

तेव्हा आ-बूने माझ्या हातातली तिची काठी घेतली आणि ती पुढे चालायला लागली. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती देवीपर्यंत पोचेस्तोवर सगळे गप्प झाले होते.

"कुवान," ती म्हणाली, "लहानपणी तुझं नाक मी पुसलंय, म्हणून बोलते. एक प्रश्न राहिला."

"वहिनी, आपलं काल बोलणं झालं."

"तुझं-माझं झालं. तिच्याशी कुठे झालं? तिला विचार, लिनांचं घर गाळलं ते तिला चाललं का."

कुवान-पे पुजाऱ्यांकडे बघायला लागले. पुजारी छताकडे बघायला लागले. शेवटी कुवान-पेंनी ठोकळे कपाळाला लावले, त्यांच्या मानाने बऱ्याच हळू आवाजात प्रश्न विचारला आणि ठोकळे टाकले.

एक सपाट, एक फुगीर.

कुवान-पेंनी ठोकळे उचलले, बाहीला पुसले आणि पुन्हा टाकले. पुन्हा होकार. त्यांच्या मानेवर घाम दिसायला लागला. पण माणूस नियमाचा, आणि आता नियम दुसऱ्या बाजूला जाऊन बसला होता. ते उठून उभे राहिले आणि भोंग्यासमोर जाऊन त्यांनी पुकारलं, "लिनांचं घर."

आ-बूने डोळे मिटले. तिला हवं होतं ते मिळालं होतं, असं मला वाटलं. आता घरी जाऊन ती जेवेल.

"घरच्या माणसाने कौल लावायचा," कुवान-पे म्हणाले. "वहिनी, तुम्हाला गुडघे टेकता यायचे नाहीत."

"सून टाकेल."

"सून?"

"घरचं माणूस म्हणालास ना? ही घरचीच आहे."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. बायकांनी मला जवळजवळ ढकलतच पुढे नेलं. ठोकळे हातात आले. इतक्या हातांनी घासून ते साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झालेले. गुडघे टेकले. कौल लावणाऱ्याने आधी देवीला आपलं नाव सांगायचं, मग राहण्याचं ठिकाण, मग मागणं. नाहीतर देवीला कळणार कसं, कोण बोलतंय? हे मला ठाऊक होतं. मी त्यांच्या भाषेत, तीन वर्षांत जमली तेवढ्या मोडक्यातोडक्या भाषेत, सुरुवात केली. नाव वैजयंती. आणि पुढे, शाळेपासून ज्या शब्दामागून जो शब्द यायचा तोच आला. राहणार मालवण.

ठोकळे पडले आणि डुलायला लागले. दोन्ही सपाट.

या खेपेला सगळं देऊळ देवीबरोबर हसलं. माझे कान तापले.

"पत्ता नीट सांग," कुवान-पे म्हणाले, पण चिडून नव्हे. "हसली म्हणजे पुन्हा विचारता येतं. तुझं ते गाव तिला कुठून ठाऊक असणार?"

"तिला सगळी बंदरं ठाऊक आहेत," आ-बू काठीवर टेकून म्हणाली. "मालवण कुठे आहे ते तिला चांगलं ठाऊक आहे. तू तिथे राहत नाहीस, हेही ठाऊक आहे. म्हणून हसली." मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, भाजी काय करू असं विचारावं तसं, "कुठे राहतेस तू, आ-जू?"

आ-जू म्हणजे मी. वैजू तिच्या तोंडी असं झालं होतं.

मी ठोकळे उचलून हातात घेतले. मालवणात आता दोन भावजया होत्या आणि माझ्या खोलीत जाळी ठेवलेली होती. काओशुंगचं घर मी फोटोत पाहिलं होतं. चांगलं होतं. पांढऱ्या फरश्या, नळाला गरम पाणी. आणि च्योसू? च्योसूवर हिवाळाभर असा वारा की भाजीच्या वाफ्याभोवतीसुद्धा पुरुषभर उंच भिंत बांधावी लागते. जेवायला रताळी, उद्या रताळी, परवा रताळी. पण सासऱ्यांच्या होडीचं इंजिन मी त्यांच्याबरोबर बसून खोललं होतं. त्यांचे हात थरथरायला लागल्यावर सुकाणूवर मी बसायचे आणि ते नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, बसून खडक दाखवायचे. खडकांची नावं त्यांनी मला बायकांच्या नावांसारखी ओळीने शिकवली होती. ते गेल्यावरही मी दर आठवड्याला ती होडी बाहेर काढत होते. का काढत होते? विकायच्या होडीला कोण एवढं जपतं?

मला जायचं नव्हतं. इतकी सोपी गोष्ट, पण ती मला तिथे, माझूच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसल्यावर कळली.

"मी माझ्या भाषेत बोलू का?" मी विचारलं.

कुवान-पेंनी पुजाऱ्यांकडे पाहिलं. पुजारी म्हणाले, "बोलू दे. भरती थांबणार नाही."

माझे आजोबा होडी पाण्यात लोटण्याआधी देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे बायका चारचौघांत गाऱ्हाणं घालत नाहीत. पण आमच्याकडचे सगळे पुरुष त्या घडीला चार समुद्रांपलीकडे होते, तेव्हा अडवणार कोण? मी ठोकळे कपाळाला लावले आणि आजोबांसारखाच आवाज लावला.

"बा माझू माये, आज तुझ्या ह्या दरबारात मी वैजयंती, लिनांची सून, तुका गाऱ्हाणा घालतंय."

आणि मी थांबले. मुद्दाम नव्हे. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. त्याशिवाय पुढचं वाक्य तोंडातून निघतच नाही. घरी रोज सकाळी रामेश्वराच्या तसबिरीपुढे मी उदबत्ती लावायचे तेव्हा दोन्ही बाजू मीच म्हणायचे. इथे, भर देवळात, इतकी माणसं, आणि व्हय म्हणायला एकही नाही.

"व्हय म्हालाजा."

आ-बू. स्वयंपाकघरातून रोज सकाळी ऐकून ऐकून तिला ते पाठ झालं होतं. तिची जीभ 'र'ला वळत नसे. ती देवीकडे बघत, पुजाऱ्यांइतकीच गंभीर उभी होती.

माझा आवाज सुटला. "मी ह्याच च्योसू बेटार ऱ्हवतंय. तुझ्या देवळामागच्या आळयेत, वाऱ्याच्या तोंडार, लिनांच्या घरात."

"व्हय म्हालाजा," आ-बू म्हणाली. आणि तिच्याबरोबर लाडू आणणारी सून, आणि तिच्या मागच्या दोन-चार जणी. शब्द काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण जागा कळली होती.

"तुझा धुपाटणा आमच्या घराक येवंदे. सकाळ-सांज धूप दाखवूची जबाबदारी माझी. दाराक कुलूप पडाचा नाय."

"व्हय म्हालाजा." आता पुरुषही होते.

"काय चुकला-माकला असात ता पोटात घाल, नि ह्या बेटार ऱ्हवतत त्या सगळ्यांचा बरा कर गे माये."

आख्खं देऊळ म्हणालं. कुवान-पेंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. हळू बोलणं त्यांना जमत नसे हे खरंच.

मी ठोकळे टाकले. होकार.

दुसऱ्यांदा टाकले. होकार. मागे कुणीतरी कुणाचा तरी हात धरल्याचं मला ऐकू आलं, कारण बांगड्या वाजल्या.

तिसऱ्यांदा माझा हात ओला झाला होता. एक ठोकळा सरळ पडला, सपाट बाजू वर. दुसरा निसटला, फरशीवर भिरभिरला आणि नैवेद्याच्या टेबलाखाली गेला. सगळे एकदम वाकले. कौल पडला तिथेच वाचायचा असतो, ठोकळ्याला हात लावायचा नसतो. तेव्हा पुजाऱ्यांनीच जरीचा झगा गुडघ्यांच्या वर खोचला आणि ते डुकराखाली पालथे आडवे झाले. त्यांचे फक्त पाय बाहेर होते. बंदरातला एक भोंगा वाजून थांबला.

"काय आहे, महाराज?" कुवान-पेंनी विचारलं.

"अंधार आहे," पुजारी आतून म्हणाले. मग कुणीतरी मेणबत्ती सरकवली. "फुगीर," ते म्हणाले. "फुगीर बाजू वर. होकार आहे."

पुढचा गलका मला सांगता येणार नाही. फटाके आधी देवळाच्या दारात फुटले, मग बंदरात, मग कुठेही. बायका मला कुठून कुठून हात लावत होत्या. आ-बू रडत नव्हती. तिने धुपाटणं दोन्ही हातांत घेतलं, छातीशी धरलं आणि सरळ कुवान-पेंना म्हणाली, "बाजूला हो. वाट दे."

तासाभरात देवी आमच्या होडीत बसली. होडी लहान, त्यात पालखी मोठी, म्हणून पुजाऱ्यांना दुसऱ्या होडीत जावं लागलं आणि ते खाऊन-पिऊन आनंदाने गेले. नाळेवर आ-बू धुपाटणं मांडीवर घेऊन बसली होती. सुकाणूवर मी होते. इंजिन पहिल्या हिसक्याला चालू झालं. मागे बेटावरची एकूण एक होडी, आणि पहिल्या रांगेत कुवान-पेंची मोठी होडी, आमच्यापुढे नाक जाऊ नये म्हणून वेग आवरून. खडकांवर माणसं उभी राहून उदबत्त्या हलवत होती. प्रत्येक खाडीच्या तोंडाशी कुवान-पे भोंग्यावरून धुपाटण्याच्या घराचं नाव पुकारत होते आणि किनारा ते परत म्हणत होता. लिनांचं घर. लिनांचं घर. उत्तरेच्या टोकाशी लाट अंगावर आली तेव्हा मी वेग कमी केला. आ-बूने मागे वळून पाहिलं.

"घाबरलीस?"

"देवी भिजेल."

"ती समुद्रावरचीच आहे," आ-बू म्हणाली. "चालव जोरात. सगळे बघताहेत."

मी जोरात चालवली. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि लग्नातही झाला नव्हता, हे मी नवऱ्याला तेव्हाच सांगून टाकलं.

म्हणजे त्याच संध्याकाळी. सणाच्या दिवशी घरी कुणी फोन उचलणार नाही हे आ-हायला ठाऊक होतं, म्हणून त्याने कुठल्याशा बंदरातून देवळातच फोन लावला. मी सांगितलं. माझ्याकडून आ-बूने घेतला, तिने सांगितलं. त्याला काही समजेना. काओशुंगचं घर, ट्रंक, तिकीट, असं तो काहीबाही विचारत राहिला. तेव्हा कुवान-पेंनी तिच्या हातातून फोन काढून घेतला. त्यांना फोनची खरं तर गरज नव्हती, तसंच ओरडले असते तरी त्याला ऐकू गेलं असतं.

"हे बघ, आ-हाय," ते म्हणाले, "तुझ्या घरात देवी आहे. तुझी आई आहे. तुझी बायको सुकाणूवर आहे. सगळे बेटावरचे आहेत. बाहेरगावचा तेवढा तूच उरलास. घरी ये."